अर्धवट राहिलेली मात्रा

मराठी माणसाच्या स्मरणात काही मृत्यू असे आहेत की त्यांची नोंद वाचताना आजही मन थबकते. डॉ. आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेतून वैद्यकाची पदवी घेऊन मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. सावित्रीबाई फुले यांनी १८९७ च्या प्लेगात मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉ. यशवंतरावांच्या, दवाखान्यात आणले. त्याच संसर्गाने १० मार्चला त्यांचा अंत झाला. कविवर्य केशवसुत १९०५ च्या नोव्हेंबरात हुबळीला प्लेगने गेले, तेही चाळिशीच्या आत.

या तिघांच्या चरित्रांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यांत एक साधी गोष्ट जाणवते. तिघांच्याही आजारावर त्या काळी औषध नव्हते. वैद्य होते, सेवा करणारे हात होते, प्रार्थना होती; औषध मात्र नव्हते. हाफकिन यांनी १८९७ साली मुंबईत प्लेगची लस तयार केली होती खरी, पण लस निरोग्याला वाचवते. जो अंथरुणाला खिळला त्याला तिचा उपयोग नसतो. आज हे दोन्ही आजार औषधाने बरे होतात. ही औषधे आपल्याला कशी मिळाली आणि आपण त्यांचे काय करीत आहोत, याविषयी चार शब्द लिहावेत असे पुष्कळ दिवस मनात होते. रुग्णांच्या भेटीला खेड्यापाड्यांतून हिंडणाऱ्या धर्मगुरूला हा विषय परका नाही.

कथेचा आरंभ बहुतेकांना शाळेपासून ठाऊक असतो. १९२८ च्या सप्टेंबरात लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात अलेक्झांडर फ्लेमिंग यांना जंतू वाढवण्याच्या एका काचेच्या बशीत बुरशी पडलेली दिसली आणि त्या बुरशीभोवतीचे जंतू विरघळून गेलेले दिसले. बुरशीतून स्रवणाऱ्या त्या द्रव्याला त्यांनी पेनिसिलिन हे नाव दिले. पण ते शुद्ध स्वरूपात वेगळे काढणे त्यांना साधले नाही, आणि पुढची दहा-बारा वर्षे तो शोध जवळजवळ अडगळीतच पडून राहिला. तो उचलला ऑक्सफर्डच्या हॉवर्ड फ्लोरी, अर्न्स्ट चेन आणि नॉर्मन हीटली यांनी. २५ मे १९४० रोजी त्यांनी आठ उंदरांना प्राणघातक जंतू टोचले आणि त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. औषध न मिळालेले चारही उंदीर रात्रीतून मेले. औषध मिळालेले सकाळी हिंडत-फिरत होते.

त्यानंतरचा प्रसंग मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि माझ्या मते सगळ्या कथेचे मर्म त्यातच आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या एका पोलीस शिपायाला हे औषध प्रथमच उपचार म्हणून देण्यात आले. जंतूंनी त्याचा चेहरा पोखरला होता, एक डोळा गेला होता. औषध सुरू होताच ताप उतरला आणि तो जेवू लागला. परंतु जगात तेव्हा पेनिसिलिनचा साठा होता तरी केवढा! तो संपू लागला तेव्हा शास्त्रज्ञ रुग्णाच्या लघवीतून औषध पुन्हा गाळून काढीत आणि त्यालाच परत टोचीत. अखेर तेही पुरेना. मात्रा अर्धवट राहिली, आजार उलटला, आणि १५ मार्चला तो शिपाई दगावला. पेनिसिलिनचा पहिला रुग्ण औषध निकामी ठरल्यामुळे गेला नाही. औषध पुरे पडले नाही म्हणून गेला. हे लक्षात ठेवून पुढे जाऊ या.

पेनिसिलिन बुरशीतून आले, तर क्षयावरचे पहिले गुणकारी औषध सरळ मातीतून आले. अमेरिकेत न्यू जर्सी येथे सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याने १९४३ साली मातीतल्या सूक्ष्मजीवांतून स्ट्रेप्टोमायसिन शोधून काढले. ज्या कुळातल्या जिवाणूंपासून ते मिळाले, त्या कुळाची ओळख आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला आहे, फक्त त्याचे नाव ठाऊक नाही. मृगाचा पहिला पाऊस काळ्या रानावर पडला की जो गंध उठतो, तो बऱ्याच अंशी याच जिवाणूंचा असतो. परभणीच्या काळ्या मातीत तो दरवळला की मला वाटते, पिढ्यान्‌पिढ्या माणसे क्षयाने झिजून त्याच मातीत पुरली गेली, आणि औषध तिथेच पायांखाली होते. देवाने औषधे भूमीतून निर्माण केली, अशा आशयाचे वचन जुन्या करारातल्या एका बोधग्रंथात आहे. लिहिणाऱ्याला ते किती शब्दशः खरे ठरणार आहे याची कल्पना नसावी.

आपल्या महाराष्ट्राचाही या इतिहासात वाटा आहे आणि त्याचे पुरेसे स्मरण आपण ठेवलेले नाही. स्वातंत्र्य मिळाले तेव्हा पेनिसिलिनसाठी देशाला परदेशाकडे पाहावे लागे. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे स्ट्रेप्टोमायसिनही होऊ लागले. आज ज्या पिंपरी-चिंचवडला आपण उद्योगनगरी म्हणतो, तिची पायाभरणी करणाऱ्या पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी हा एक. १९९० नंतरच्या वर्षांत मी पुण्याच्या सेमिनरीत शिकत होतो. जुन्या मुंबई रस्त्याने बसमधून जाताना या कारखान्याचे आवार दिसे. लोक त्याला नुसते ‘एच. ए. कंपनी’ म्हणत. आम्हा विद्यार्थ्यांना तो बसचा एक थांबा वाटे, एवढेच. त्या आवारातल्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीजन्य रोगांवरचे औषध शोधले आणि ज्या सूक्ष्मजीवापासून ते मिळाले त्याच्या शास्त्रीय नावात पिंपरी हे गावाचे नाव गुंफले, हे मला पुष्कळ वर्षांनी वाचनातून कळले. पुढे बाजार बदलला, बाहेरचा स्वस्त माल आला, आणि नव्वदच्या दशकात हा कारखाना तोट्यात गेला. तरी एका नवस्वतंत्र, गरीब देशाने आपल्या लेकरांसाठी औषध स्वतःच्या भूमीवर तयार केले, ही गोष्ट लहान नव्हे.

या औषधांचे सामर्थ्य मराठवाड्याने एकदा अगदी जवळून पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर भीतीपोटी कित्येक गावांतील लोक घरे सोडून झोपड्यांत राहू लागले. ओस पडलेल्या घरांत धान्य राहिले, धान्यावर उंदीर माजले. ऑगस्ट १९९४ मध्ये आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला या गावी उंदीर पडू लागले, पिसवा वाढल्या आणि माणसांना काखेत-जांघेत गाठी येऊ लागल्या. प्लेग! ज्या शब्दाने आजोबा-पणजोबांच्या काळी गावेच्या गावे माळावर जाऊन राहत, तो शब्द पुन्हा वर्तमानपत्रांत झळकला. सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगने पन्नासहून अधिक माणसे गेली आणि लाखो लोक शहर सोडून पळाले.

तरीही १८९७ ची पुनरावृत्ती झाली नाही. मामल्यात आणि आसपास आरोग्य खात्याची माणसे घरोघर गेली, फवारणी झाली, टेट्रासायक्लिनच्या गोळ्या वाटल्या गेल्या, आणि साथ काही आठवड्यांत आटोक्यात आली. सावित्रीबाईंना जे लाभले नाही ते मामल्याच्या माणसांना लाभले. पण त्याच दिवसांत आणखी एक दृश्य दिसले. मोठ्या शहरांतल्या दुकानांतून टेट्रासायक्लिन दिसेनासे झाले, कारण ज्यांना आजार नव्हता त्यांनीही भीतीने गोळ्यांचा साठा केला. औषधावरची श्रद्धा आणि औषधाचा हव्यास यांत किती थोडे अंतर असते, हे तेव्हा दिसून आले.

आता मुद्द्याकडे येतो. जंतूंना ही औषधे पचवता येतात. ज्या वर्षी ऑक्सफर्डला उंदरांवर प्रयोग झाला त्याच वर्षी, म्हणजे माणसाला उपचार म्हणून पेनिसिलिन दिले जाण्याच्याही आधी, त्याच प्रयोगशाळेत पेनिसिलिन निष्प्रभ करणारे जंतूंमधले द्रव्य सापडले होते. फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणात एक कल्पित गोष्ट सांगितली. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो आपल्या मनाने पेनिसिलिन घेतो. जंतू मरण्याइतके नव्हे, तर त्यांना सराव होण्याइतकेच. ते सरावलेले जंतू त्याच्या पत्नीला लागतात आणि तिच्यावर औषध चालत नाही. ती जाते. मग फ्लेमिंग विचारतात, या मृत्यूला जबाबदार कोण?

ही प्रतिकाराची गोष्ट शहरातल्या सुशिक्षिताला समजावून सांगावी लागते. परभणीच्या कापूस उत्पादकाला नाही. बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळीची चिंता मिटली असे वाटले होते. तिच्या भोवती साध्या कपाशीच्या ओळी लावा, म्हणजे अळीला सराव होणार नाही, असे सांगून वेगळे बियाणे दिले जाई. ते फारसे कोणी पेरले नाही. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातली कपाशी फस्त केली. शेतकरी मला म्हणाले, “फादर, अळी आता या वाणाला भीतच नाही.” जंतूंचेही असेच असते. कोट्यवधी जंतूंत मूठभर उपजतच चिवट असतात. अपुऱ्या औषधाने नाजूक मरतात, चिवट उरतात आणि मोकळ्या रानात तेच फोफावतात.

फ्लेमिंग यांची ती कल्पित गोष्ट मी गंगाखेड तालुक्यातील एका वस्तीवर खरी झालेली पाहिली. घरधनी ऊसतोड कामगार. पावसाळ्यात त्याला क्षय निघाला. सरकारी दवाखान्यातून औषध मोफत मिळाले आणि दोन महिन्यांत खोकला थांबला. दिवाळीनंतर मुकादमाने गाडी आणली. उचल आधीच घेतलेली, नाही म्हणण्याची सोय नव्हती. निघण्याच्या आदल्या दिवशी मी भेटीला गेलो, तेव्हा गोळ्यांचे पाकीट देवळीत तसेच पडलेले होते. मी विचारले, तर त्याची बायको म्हणाली, “आता बरं वाटायलंय फादर. अंगाला मास बी आलंय. मंग कामून खाव्यात गोळ्या? उपाशी पोटी घेतल्या की मळमळतंय त्यास्नी, कोयता कसा धरावा?” मी माझ्या परीने समजावले. तिने ते पाकीट पदराला बांधले. पुढे त्यातल्या किती गोळ्या पोटात गेल्या कोण जाणे.

हंगाम संपवून ते परतले तेव्हा खोकला परतला होता. थुंकीच्या तपासणीत निघाले की क्षयाच्या उपचाराचा कणा असलेले रिफॅम्पिसिन आता त्याच्यावर चालत नाही. नवी औषधे सुरू झाली, पण शरीरात बळ उरले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात मी त्याचा अंत्यविधी केला. तरीही दुःखाची परिसीमा ती नव्हती. वर्ष उलटण्याच्या आत त्याच घरातल्या एकोणीस वर्षांच्या पुतण्याला क्षय निघाला, आणि तोही त्याच औषधाला दाद न देणारा. या मुलाने आयुष्यात क्षयाची एक गोळी घेतली नव्हती. चुलत्याच्या अर्धवट मात्रेचे फळ त्याच्या वाट्याला वारशासारखे आले. तो दीर्घ उपचारानंतर बरा झाला, पण त्याच्या शिक्षणाचे एक वर्ष त्यात गेले आणि कानांत सतत घुमणारा आवाज त्याला कायमचा सोबतीला राहिला.

वाचकहो, या घरधन्याला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. उचल, भूक आणि कोयता यांच्या मधोमध सापडलेल्या माणसाला ‘कोर्स पुरा कर’ हे वाक्य पोकळ वाटले तर नवल नाही. शिवाय केवळ रुग्णच चुकतात असेही नाही. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका अभ्यासात १०० खासगी डॉक्टरांनी क्षयासाठी तब्बल ८० वेगवेगळ्या औषधयोजना लिहून दिल्याचे आढळले होते. २०११ च्या अखेरीस मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी असे रुग्ण जगापुढे आणले की ज्यांच्या क्षयावर तपासलेले एकही औषध चालत नव्हते. त्यांच्या आधीच्या उपचारांचे कागद पाहता, चुकीच्या मात्रा आणि चुकीच्या जोड्या लिहून देणाऱ्यांचा त्यात मोठा हात होता.

आणि आपण सुस्थितीतली माणसे? साध्या पडशाने नाक गळू लागले की मेडिकलवर जाऊन “जरा कडक गोळी द्या” म्हणणारे आपणच. सर्दी, पडसे, बहुतेक घसादुखी हे विषाणूंचे आजार. त्यांच्यावर प्रतिजैविके काहीच करीत नाहीत. तरी डॉक्टरांनी नुसती विश्रांती सांगितली तर आपल्याला फी वाया गेल्यासारखे वाटते. मार्च २०१४ पासून कायद्याने महत्त्वाच्या प्रतिजैविकांची वेगळी सूची केली आहे. दुकानदाराने चिठ्ठीची नोंद ठेवावी लागते. पुढे पाकिटावरच्या तांबड्या रेघेचा अर्थही लोकांना सांगण्यात आला. पण तांबडी रेघ ओलांडणारे गिऱ्हाईक आणि ओलांडू देणारा दुकानदार दोघेही असतील, तर कायदा काय करणार? गोठ्यातही तेच. गाईच्या कासेला दगडी झाली की मनानेच इंजेक्शन टोचायचे आणि त्याच संध्याकाळचे दूध डेअरीत घालायचे. कोंबड्यांच्या खाद्यातही अखेरचा आधार समजले जाणारे कोलिस्टिन मिसळले जाई. त्यावर सरकारने २०१९ साली बंदी घातली.

इतर औषधांपेक्षा प्रतिजैविकांची गोष्ट इथेच निराळी आहे. मी रक्तदाबाची गोळी चुकवली तर धोका मला. मी प्रतिजैविक नाहक घेतले किंवा मनाने सोडले तर धोका माझ्या पुतण्याला, शेजारणीला, कधी न पाहिलेल्या माणसाला. आपल्या भागात पूर्वी गावोगावी ज्वारीची पेवे असत. जमिनीखालच्या त्या कोठारात कुठून एका बाजूने ओल शिरली की ती ओल ज्याच्या चुकीने शिरली त्याचेच पायलीभर धान्य नासत नसे, सगळे पेव कुजे. ही औषधे म्हणजे मानवजातीचे असे एक पेव आहे. आणि ते भरण्याचा वेग मंदावला आहे. १९८० नंतर नव्या कुळातली प्रतिजैविके फार थोडी आली. औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे थेट मृत्युमुखी पडली, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे.

मग आपल्या घरापुरते काय करावे? डॉक्टरांकडे औषध मागू नये, निदान मागावे. प्रतिजैविक लिहून दिलेच तर ते सांगितल्या वेळी, सांगितले तितके दिवस घ्यावे. काही आजारांत पूर्वीपेक्षा कमी दिवसांची मात्रा पुरते असे आता दिसून आले आहे. पण ते ठरवणे डॉक्टरांचे काम, आपल्या मनाचे नव्हे. उरलेल्या गोळ्या पुढच्या आजारासाठी वा शेजाऱ्यासाठी राखू नयेत. लसी वेळेवर टोचाव्यात, हात धुवावेत, पाणी स्वच्छ ठेवावे. जो आजार झालाच नाही त्याला औषध लागत नाही. क्षयाच्या बाबतीत मात्र सवलत नाही. बरे वाटले तरी उपचार शेवटपर्यंत.

आणि जिथे एकट्या माणसाची ताकद अपुरी पडते, तिथे समाजाने पुढे व्हावे. क्षयरुग्णाला सरकारकडून औषध मोफत मिळते आणि २०२४ च्या नोव्हेंबरपासून पोषणासाठी दरमहा १,००० रुपये देण्यात येतात. त्याचा नोंदणी क्रमांक सोबत असेल तर कारखान्याच्या तळाजवळच्या सरकारी दवाखान्यातही उपचार पुढे चालू ठेवता येतो. हे कित्येकांना ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी कागद धरून सोबत जाणारे कोणी नसते. आमच्या धर्मग्रामात आम्ही एवढेच ठरवले आहे की ज्या वस्तीत क्षयाचा रुग्ण असेल तिथल्या एका कुटुंबाने त्याची विचारपूस अंगावर घ्यायची: आज गोळी घेतली का, पोटात चार घास गेले का, गाडी कधी निघणार, कागद बरोबर बांधले का? गेल्या हंगामात आमच्या दोन वस्त्यांवरचे तीन रुग्ण असे सहा महिन्यांचा उपचार पुरा करून मोकळे झाले. त्यांपैकी एक बाई फडावरूनच दर रविवारी फोन करून सांगायची, “फादर, आठवडा झाला, एक बी गोळी चुकली न्हाई.”

ऑक्सफर्डच्या त्या शिपायासाठी शास्त्रज्ञ औषधाचा कण न् कण गाळून काढीत होते आणि तरीही ते पुरले नाही. आपल्या देवळीत ते पुरेसे आहे. २४ मार्चला जागतिक क्षयरोगदिन येतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली त्याच दिवशी क्षयाचा जंतू जाहीर केला होता. त्याच्या आत प्रत्येक धर्मग्रामातील समूहांनी आपापल्या वस्तीत असा एखादा रुग्ण आहे का, एवढे तरी पाहून घ्यावे, ही सर्वांना विनंती.